सामान गोडाऊनमध्ये, पाणी गोडाऊनमध्ये, आणि विमा कुठेच नाही

आमची सोसायटी २०२३ च्या दिवाळीनंतर रिडेव्हलपमेंटला गेली. ३५ वर्षांचा संसार, आणि बिल्डरच्या भाड्यात मिळालं ते एक वन बीएचके, त्यामुळे जे मावलं नाही ते सगळं एका स्टोरेज युनिटमध्ये टाकलं. आईचं सागवानी कपाट, शिलाई मशीन, बाबांची हार्मोनियम, पुस्तकांची १४ खोकी, फोटोचे अल्बम, गाद्या, पितळेची भांडी. महिना २८०० रुपये. तळमजल्याचं युनिट घेतलं कारण ते स्वस्तही होतं आणि आईला मधेच काही काढायचं झालं तर जिना नको. नदी तिथून फार लांब नाही हे मला माहीत होतं, पण पुण्यात नदीपासून लांब असं राहिलंय काय, असा विचार करून मी सही केली.

मग आला २५ जुलै २०२४. सिंहगड रस्त्याला एकता नगरीत लोकांना बोटीतून बाहेर काढलं तो दिवस, खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलेलं. आम्ही राहतो तिथं काही झालं नाही, आम्ही टीव्हीवर बघत होतो, आणि खरं सांगतो संध्याकाळपर्यंत मला स्टोरेजची आठवणसुद्धा आली नाही. आत जाऊ दिलं चौथ्या दिवशी. शटर अर्धं वर गेलं आणि अडकलं, कारण आतून गादी फुगून त्याला टेकली होती. भिंतीवर मांडीएवढ्या उंचीला चिखलाची एक सरळ रेघ. कपाट सागवानी म्हणून उभं होतं, पण मागचं प्लायवूड पापुद्रे सुटून पुस्तकासारखं उघडलं होतं. हार्मोनियमची पेटी मी उचलली तर खालून गढूळ पाणी गळायला लागलं, भात्याचं कातडं सुटलेलं, पट्ट्या दाबल्या तर दाबलेल्याच राहिल्या. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त झाकण परत नीट लावलं.

हे सगळं सांगायचं कारण माझं दुःख सांगणं नाही, ज्यांची घरं गेली त्यांच्यापुढे आमचं काहीच गेलं नाही. पण त्यानंतर भरपाईसाठी मी जे चार महिने फिरलो त्यात मला एक गोष्ट कळली, जी सही करायच्या आधी कुणीच सांगत नाही, आणि पुण्या-मुंबईत हजारो कुटुंबं आज त्याच अवस्थेत सामान ठेवून बसली आहेत. स्टोरेजमध्ये ठेवलेल्या घरगुती सामानाला पुरापासून विमा बहुतेक वेळा नसतो. कमी असतो असं नाही, नसतोच. आणि तो का नसतो हे तीन वेगवेगळ्या कागदांमध्ये लिहिलेलं असतं, प्रत्येक कागद स्वतःपुरता बरोबर असतो, पण तिन्ही एकत्र वाचले की मधे एक खड्डा दिसतो आणि त्यात गिऱ्हाईक पडतं.

पहिला कागद माझा स्वतःचा. माझ्याकडे घराच्या सामानाचा विमा होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, भारत गृह रक्षा नावाची एक स्टँडर्ड पॉलिसी सगळ्या कंपन्यांसाठी ठरवून दिली, आणि ती खरंच चांगली पॉलिसी आहे. त्यात पूर, वादळ, आग, भूकंप, वीज सगळं बेसिकमध्येच येतं, वेगळं मागावं लागत नाही. इमारतीचा विमा घेतला तर त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप कव्हर मिळतं, भाडेकरूला नुसत्या सामानाचासुद्धा घेता येतो. पण त्याच पॉलिसीच्या एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे वगळलेल्या गोष्टींच्या यादीत, एक ओळ आहे, की घरातून दुसऱ्या ठिकाणी हलवलेल्या विमाकृत वस्तूंचं नुकसान भरून मिळणार नाही. एवढंच. ज्या क्षणी टेम्पोत कपाट चढलं त्या क्षणी ते विम्याच्या बाहेर गेलं. नुकसान बघायला विमा कंपनीचा सर्व्हेयर आला होता, माणूस भला होता, त्याने एकेका वस्तूचा फोटो काढला, आईला धीर दिला, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, साहेब मी रिपोर्ट नीट लिहितो पण पत्ता बघून हे नाकारतील. तसंच झालं.

दुसरा कागद स्टोरेजवाल्याचं अ‍ॅग्रीमेंट. त्यात चौदाव्या कलमात होतं की सामान पूर्णपणे ग्राहकाच्या जोखमीवर ठेवलेलं आहे, आणि पूर, गळती, वाळवी, उंदीर, आग कशासाठीच कंपनी जबाबदार नाही. आपण सगळे सही करतो, कारण खाली टेम्पो उभा असतो आणि हमाल घाई करत असतात.

तिसरा कागद मी मागून मागून बघितला, तो म्हणजे स्टोरेजवाल्याची स्वतःची पॉलिसी. हो, त्याचा विमा होता! जाहिरातीत ‘इन्शुअर्ड फॅसिलिटी’ असं लिहिलेलंही होतं आणि ते खोटं नव्हतं. पण विमा कशाचा तर शेडचा, रॅकचा, सीसीटीव्हीचा, लिफ्टचा. आपल्याकडे वर्षानुवर्षं जी फायर पॉलिसी धंदेवाल्यांना विकली गेली, आग आणि विशेष संकटांची, तिच्या वगळलेल्या गोष्टींमध्येच हे स्पष्ट असतं की दुसऱ्याचा माल, जो विश्वासाने आपल्याकडे ठेवलाय, तो पॉलिसीत मुद्दाम लिहिल्याशिवाय धरला जाणार नाही. आणि मुद्दाम लिहून घेतला तरी शब्द सहसा असे असतात की ज्या मालाला विमाधारक जबाबदार आहे तेवढाच. आता हे दुसऱ्या कागदाशेजारी ठेवून वाचा. अ‍ॅग्रीमेंट म्हणतं स्टोरेजवाला जबाबदार नाही, पॉलिसी म्हणते तो जबाबदार असेल तरच पैसे. म्हणजे ग्राहकाकडून जबाबदारी नाकारणारी सही घेतली की त्याने आपल्याच विम्याचा दरवाजा ग्राहकासाठी बंद करून टाकलेला असतो, आणि मला वाटतं अर्ध्या स्टोरेजवाल्यांना स्वतःलाही हे माहीत नसेल. आमच्या इथल्या मॅनेजरला तरी नव्हतं, तो बिचारा पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगत होता की काळजी करू नका आपला इन्शुरन्स आहे.

आणखी एक गैरसमज पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांमुळे होतो. सामान हलवताना ते बिलात ट्रान्झिट इन्शुरन्स म्हणून रक्कम लावतात, आणि लोकांना वाटतं की चला विमा झाला. तो रस्त्याचा विमा आहे. माल मुक्कामाच्या गोडाऊनमध्ये उतरला की तो संपतो, पुढच्या तीन वर्षांच्या पावसाशी त्याचा काही संबंध नाही. काही वेळा तर तो विमासुद्धा नसतो, मूव्हरने स्वतःच घेतलेली हमी असते, तेव्हा विमा कंपनीचं सर्टिफिकेट हातात आलं का हे बघा, नुसत्या बिलावरच्या ओळीवर जाऊ नका.

आता माझा मुद्दा. लोक म्हणतात ग्राहकाने वाचून सही करायला हवी होती. मान्य, वाचायला हवं होतं. पण वाचलं असतं तरी काय केलं असतं? मी दोन विमा कंपन्यांना आणि एका एजंटला नंतर विचारलं की मला फक्त माझ्या युनिटमधल्या घरगुती सामानाचा पुराचा विमा द्या, प्रीमियम सांगा. दोघांनी विचारलं तुमचा गोडाऊनचा धंदा आहे का. नाही. मग धंद्याच्या पॉलिसीत बसत नाही. घराच्या पॉलिसीत? तिथे तुम्ही राहत नाही, मग तीही नाही. एजंट, जो आमच्या घरचा २० वर्षांचा माणूस आहे, म्हणाला दादा, तुम्ही म्हणताय तशी वस्तूच बाजारात ठेवलेली नाही. मग जी वस्तू मिळतच नाही ती न घेतल्याचा दोष ग्राहकावर कसा काय येतो हे मला कुणी समजावून सांगावं.

पुराच्या बाबतीत तर अजून एक गोष्ट आहे. चोरी झाली तर कुलूप माझं असतं, आग लागली तर कुणाच्या सामानातून लागली हा प्रश्न असतो, पण पाणी शिरणार की नाही हे जागेवर ठरतं आणि जागा मी निवडलेली नाही. जोतं किती फूट ठेवायचं, नाल्याकडच्या बाजूला शटर काढायचं की नाही, तळमजला पार्किंगला सोडून युनिटं वर बांधायची की तळमजलाच भाड्याने द्यायचा, पंप ठेवायचा की नाही, हे सगळं स्टोरेजवाल्याने ठरवलं. आपल्या राज्यात नद्यांच्या पूररेषा आखलेल्या आहेत, निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. गोडाऊनसाठी जमीन घेणारा माणूस हे नकाशे बघू शकतो, त्याला आर्किटेक्ट असतो, सल्लागार असतात. आणि सखल जमीन स्वस्त मिळते म्हणूनच तिथे शेड उभी राहते, हे भिवंडीपासून उरुळीपर्यंत कुणालाही विचारा. म्हणजे स्वस्त जागेचा फायदा त्याच्याकडे आणि त्या जागेच्या पाण्याचा तोटा माझ्याकडे. हे बरोबर नाही. ज्याने जागा निवडली त्याने पाण्याची जबाबदारी घ्यावी, आणि ती पेलवण्यासाठी त्याने विमा घ्यावा, एवढं साधं माझं म्हणणं आहे.

कायद्यात याला आधार नाही असंही नाही. १८७२ चा आपला करार कायदा, त्याचं १५१ वं कलम सांगतं की दुसऱ्याचा माल सांभाळायला घेतला की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायलाच हवी. स्टोरेजवाले यावर म्हणतात की आम्ही माल सांभाळायला घेतच नाही, आम्ही फक्त जागा वापरायला देतो, कुलूप तुमचं. पण गेटवर रजिस्टरमध्ये सही, ठरावीक वेळेतच प्रवेश, भाडं थकलं तर माल अडवून ठेवायचा अधिकार, हे सगळं स्वतःकडे ठेवायचं आणि सांभाळायची जबाबदारी तेवढी नको, हे दोन्ही एकाच वेळी चालू नये. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या केसमध्ये सांगितलं होतं की व्हॅले पार्किंगला, म्हणजे हॉटेलच्या माणसाकडे लावायला, दिलेली गाडी चोरीला गेली तर पावतीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ छापलंय म्हणून स्वतःच्या निष्काळजीपणातून हॉटेलला सुटता येणार नाही. त्या केसमध्ये विमा कंपनीने आधी गाडीमालकाला पैसे दिले आणि मग हॉटेलकडून वसूल करायला ती स्वतः कोर्टात उभी राहिली. मला वाटतं नेमकी हीच रीत स्टोरेजला लावायला हवी. ग्राहकाला विम्यातून लवकर पैसे मिळावेत आणि जोतं खाली का ठेवलं, पंप बंद का होता हे भांडण दोन कंपन्यांनी आपसात वर्षानुवर्षं करावं. आज ते भांडण माझ्यासारख्या माणसाला करावं लागतं, नोकरी सांभाळून, तारखांना जाऊन.

बँक लॉकरचं उदाहरण लोक देतात, तेही बघू. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लॉकरबद्दल बँकांना हात झटकता येणार नाहीत, रिझर्व्ह बँकेने नियम करावेत, आणि त्याच ऑगस्टमध्ये ते आले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यात लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट भरपाई. हा मोठा बदल होता. पण त्याच नियमात भूकंप, पूर, वीज अशा नैसर्गिक आपत्तीत बँकेची जबाबदारी नाही असं लिहिलं, फक्त बँकेने जागा सुरक्षित ठेवायची काळजी घ्यावी एवढं म्हटलं. स्टोरेजसाठी नियम करताना हा भाग जसाच्या तसा उचलला तर काहीच हाती लागणार नाही, कारण स्टोरेजमध्ये खरा धोका पाण्याचाच आहे. पुण्यातल्या पुराला ‘दैवी कोप’ म्हणून किती वेळा सोडून देणार? २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढा, २०२४ मध्ये मुठा. त्याच २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नागपूर, अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा. मुंबईने २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस बघितलाय. जे दर दोन-तीन वर्षांनी कुठे ना कुठे येतं ते कुणाला सुचलंच नव्हतं असं म्हणता येत नाही.

१०० पटीचा आकडाही इथे जसाच्या तसा चालणार नाही, हे मी स्टोरेजवाल्यांच्या बाजूने सांगतो. लॉकरचं भाडं वर्षाला तीन हजार असेल तर १०० पट म्हणजे तीन लाख. माझ्या युनिटचं वर्षाचं भाडं ३३,६००, त्याच्या १०० पट म्हणजे ३३ लाख ६० हजार, एवढं आमचं सामान नव्हतं आणि एवढी जबाबदारी टाकली तर लहान स्टोरेजवाला दुसऱ्या दिवशी बंद करेल. १० पट ठेवली तर तीन लाख ३६ हजार. त्यात आमचं सगळं बसलं असतं. ज्याला जास्तीचं हवं त्याने यादी देऊन जास्तीचा प्रीमियम भरावा.

स्टोरेजवाल्यांचा एक आक्षेप मला जास्त खरा वाटतो. ते म्हणतात युनिटमध्ये काय आहे हे आम्हाला माहीतच नसतं, पाणी शिरलं की प्रत्येक जण सांगेल आत ६५ इंची टीव्ही होता. असे लोक असतात, नाही कोण म्हणतंय. पण याचा उपाय विमावाल्यांकडे जुनाच आहे, ठेवतानाच यादी आणि फोटो, मोठ्या वस्तूंची बिलं, दागिने, रोकड आणि कागदपत्रं कव्हरबाहेर. आज मोबाइलवर दहा मिनिटांचं काम आहे. उलट आज यादीच होत नाही म्हणून खऱ्या माणसालाही काही सिद्ध करता येत नाही. आमच्याकडे शिलाई मशीनचं बिल होतं, १९८७ चं, आईने जपून ठेवलेलं, पण ते त्याच मशीनच्या ड्रॉवरमध्ये होतं.

भाडं वाढेल, हा त्यांचा आणखी एक आक्षेप. वाढेल. नाल्याकाठच्या तळमजल्याचं जास्त वाढेल आणि टेकाडावरच्या, पहिल्या मजल्यावरच्या युनिटचं कमी वाढेल, आणि ते व्हायलाच हवं, कारण मग बांधणाराही जोतं उचलून बांधेल. आज दोन्हीच्या भाड्यात जो फरक दिसतो तो खोटा आहे, त्यात पाण्याची किंमत धरलेलीच नाही. मी ४०० रुपये महिना वाचवायला तळमजला घेतला होता. मला कुणी सांगितलं असतं की ते ४०० रुपये कशाचे वाचतायत तर मी वरचं युनिट घेतलं असतं.

माझ्या मते आयआरडीएआयने उद्या करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. भारत गृह रक्षामधल्या त्या एका ओळीला एक जोड द्यावी, की घर रिडेव्हलपमेंट, दुरुस्ती किंवा बदलीमुळे रिकामं करावं लागलं आणि सामान नोंदवलेल्या पत्त्यावरच्या स्टोरेजमध्ये ठेवलं तर ठरावीक रकमेपर्यंत कव्हर चालू राहील, हवं तर थोडा जास्त प्रीमियम घ्या. मुंबई-पुण्यात हजारो कुटुंबं रिडेव्हलपमेंटमुळे दोन-तीन वर्षं घराबाहेर राहतायत, ही काही चार-दोन माणसांची गरज नाही. आणि राज्य सरकारने रिडेव्हलपमेंटच्या करारात जसं भाडं, शिफ्टिंगचा खर्च, बँक गॅरंटी येते तसा स्टोरेजच्या विम्याचा मुद्दा यावा असं बघावं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्ही पार्किंगवरून तीन तास भांडलो, कार्पेट एरियावरून सहा महिने, पण सामान कुठे आणि कुणाच्या जोखमीवर राहणार हे ६० सभासदांपैकी एकानेही विचारलं नाही, मीही नाही.

नियम होतील तेव्हा होतील. ज्यांचं सामान आत्ता आत आहे त्यांनी स्टोरेजवाल्याला लेखी विचारा की तुमच्या पॉलिसीत ग्राहकांचा माल मुद्दाम लिहिलेला आहे का, पूर त्यात आहे का, आणि पैसे कुणाच्या नावाने येणार. कारण पॉलिसी त्याच्या नावावर असेल तर चेकही त्याच्याच नावाने निघतो, आणि सगळ्या युनिटांचा मिळून विमा कमी रकमेचा असेल तर भरपाई त्या प्रमाणात कापली जाते, सहा लाखांच्या मालाला तीन लाखांचा विमा असेल तर दोन लाखांच्या नुकसानीला एकच लाख. तळमजल्यावर असाल तर सगळं निदान दोन फूट वर उचला, लोखंडी रॅक भाड्यापेक्षा स्वस्त पडतो. फोटो आणि बिलं घरी ठेवा. आणि क्लेम नाकारला तर गप्प बसू नका, कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग विमा लोकपाल, पुण्यात त्यांचं ऑफिस आहे, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते बघतात आणि त्याला फी नाही, वकील नाही. स्टोरेजवाल्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या ग्राहक कायद्यात तर एकतर्फी, अन्यायकारक कराराला स्वतंत्र व्याख्याच दिली आहे, त्यासाठी राज्य आयोगाकडे जाता येतं. मी जिल्हा आयोगात गेलोय.

हार्मोनियम मात्र आम्ही भंगारात दिली नाही. दुरुस्तीवाल्याकडे नेली तेव्हा त्याने सगळे सूर सुटे करून एका फडक्यावर मांडले, फुंकर घालून एकेक वाजवून बघितला, आणि म्हणाला भाता नवीन बसवून देतो, पेटीही होईल, पण खालच्या सप्तकातले सात सूर गंजलेत, ते बदलावे लागतील, आवाज थोडा वेगळा येईल. बाबांनी विचारलं किती वेगळा. तो म्हणाला, तुम्हाला कळेल, दुसऱ्याला नाही.